गॉब्लिनच्या पोरांचं काय करायचं?

मागच्या अंकात म्हटलं होतं की टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य गेम्सबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. पत्रं आली आणि बरीचशी फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, ती म्हणजे दुष्ट प्राणी, त्यांना मारायचं की नाही आणि कोणी ठरवायचं. ज्यांनी हा खेळ बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण बसतात, एक जण डीएम असतो म्हणजे गोष्ट तो सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी देवाची शपथ घेतलेला पॅलाडिन, आणि जिथे काय होईल सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. यातला सगळ्यात जुना आणि मोठा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. आजची सगळी पत्रं त्याच्याबद्दलच आहेत. त्यात गॉब्लिन आणि ऑर्क ही नावं सारखी येतील, गॉब्लिन म्हणजे बुटके, टोळीने राहणारे राक्षस आणि ऑर्क म्हणजे तसेच पण धिप्पाड.

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण कुडाळला दर शनिवारी खेळतो. मागच्या सेशनला गॉब्लिनची गुहा साफ केली, मोठे सगळे मेले आणि अगदी आतल्या खोलीत गवतावर सहा-सात पोरं निघाली, एकमेकांना बिलगून बसलेली. आमचा पॅलाडिन म्हणाला, आत्ता सोडली तर मोठी होऊन गावावर चालून येतील, पुस्तकात यांच्यापुढे ईव्हिल लिहिलंय, आणि तलवार काढली. माझं पात्र क्लेरिक म्हणजे देवाची पुजारीण आहे, मी मध्ये उभी राहिले. भांडण एवढं झालं की खेळच थांबला आणि आता ग्रुपवर कोणी बोलत नाहीये. चूक कोणाची? — एस.वाय.ची विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर : अगं, मी तुझ्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते.

तुझा मित्र ज्या शब्दावर उभा आहे ना, तो ईव्हिल, तो आला कुठून ते बघ. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आधी १९७१ साली चेनमेल नावाचं लढाईच्या खेळाचं पुस्तक आलं होतं, छोटे छोटे सैनिक टेबलावर मांडून लढाई करायची, आणि त्याच्या शेवटी काल्पनिक प्राण्यांचा भाग होता. त्यात लॉ म्हणजे शिस्तीचे, न्यूट्रल म्हणजे तटस्थ आणि केऑस म्हणजे बेबंद अशा तीन रांगा होत्या, कशासाठी, तर कुठला प्राणी कोणाच्या सैन्यात उभा करायचा ते कळावं म्हणून. म्हणजे सुरुवातीला हा शब्द फक्त बाजू सांगत होता, आपल्याकडे कबड्डीत हा कोर्ट आपला तो त्यांचा म्हणतात तसं. १९७४ च्या खेळात त्याच तीन बाजू राहिल्या, मग १९७७-७८ च्या सुमाराला त्यात गुड आणि ईव्हिल मिसळून नऊ खाने झाले, लॉफुल गुडपासून केऑटिक ईव्हिलपर्यंत, आणि प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे त्यातला एक खाना छापला गेला, त्यालाच अलाइनमेंट म्हणतात. कोणाकडून लढतो हे सांगणारी चिठ्ठी मनाने कसा आहे हे सांगायला लागली. पन्नास वर्षं लोक भांडतायत त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

आणि पुस्तक म्हणतं म्हणून बोलत असाल तर पुस्तक नीट वाचा ना. २००३ साली आलेल्या ३.५ क्रमांकाच्या आवृत्तीत प्रत्येक प्राण्याच्या अलाइनमेंटआधी एक शब्द असायचा, नेहमी, बहुधा किंवा बरेचदा, आणि त्या शब्दांचा अर्थही पुस्तकातच दिलेला होता. बहुधा म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त. बरेचदा म्हणजे ४० ते ५० टक्के. गॉब्लिनपुढे बहुधा होतं आणि ऑर्कपुढे बरेचदा. म्हणजे ज्या ऑर्कला आपण डोळे मिटून केऑटिक ईव्हिल म्हणत आलो त्या ऑर्कांपैकी निम्मे किंवा निम्म्याहून जास्त तसे नव्हतेच, असं खुद्द पुस्तक म्हणत होतं! नेहमी हा शब्द सैतानांसाठी वगैरे होता. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे राक्षसांच्या पुस्तकात, तर सुरुवातीलाच म्हटलंय की छापलेली अलाइनमेंट हा नुसता डिफॉल्ट आहे, डीएमने हवी तशी बदलावी.

आता पॅलाडिनचं. पाचव्या आवृत्तीत त्याला डिव्हाइन सेन्स मिळतो, म्हणजे साठ फुटांच्या आत दुष्ट शक्ती असेल तर त्याला जाणवते. पण काय जाणवतं ते वाच, स्वर्गातले जीव, नरकातले जीव आणि मेलेले-उठलेले, एवढंच. गॉब्लिन त्यात नाही. मोठा गॉब्लिनही नाही, पोर तर लांबच. तुझ्या मित्राने त्या खोलीत उभं राहून देवाने दिलेल्या नजरेने बघितलं असतं तर त्याला तिथे काहीच दुष्ट दिसलं नसतं. हे त्याला सांग, चिडून नको सांगूस, नियम म्हणून सांग, त्याला पटेल.

आपल्याकडचं बघायचं तर हिरण्यकशिपूच्या राजवाड्यात हा पॅलाडिन घुसला असता आणि असुराचं पोर मोठं होऊन असुरच होणार म्हणाला असता तर पाळण्यातला प्रल्हाद गेला असता. आणि प्रल्हाद गेला की त्याचा नातू बळीही नाही, मग दिवाळीच्या पाडव्याला इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो असं आपण कोणासाठी म्हणणार? आपल्या गोष्टी रचणाऱ्यांना हे कळत होतं, असुरांचं कूळ सांगताना त्यात त्यांनी मुद्दाम एक तरी असा ठेवलाय.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितेय तेही सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी मी रत्नागिरीत एका ग्रुपची डीएम होते. ऑर्कांची टोळी होती, मी वर्णन करताना म्हटलं, हे जन्मजात लुटारू, चोरी यांच्या रक्तात आहे. मला वाटलं रंगत आली. टेबलावरचा एक मुलगा एकदम गप्प झाला आणि खेळ संपल्यावर चपला घालताना म्हणाला, ताई, आमच्या पणजोबांना रोज पोलिसांकडे हजेरी लावायला लागायची, काही केलं नव्हतं तरी, कारण सरकारी कागदावर जातच गुन्हेगार म्हणून लिहिली होती. त्याचं घराणं घाटावरून आलेलं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या, पोर जन्मलं की तेही त्यातच, आणि तो कायदा देशभरातून जायला १९५२ उजाडलं. नंतर त्यांना विमुक्त म्हणायला लागले पण गावात चोरी झाली की पहिला संशय कोणावर जातो ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या मुलाने मला दोष दिला नाही, नुसतं सांगितलं आणि गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. मी फोन केला, माफी मागितली, तो परत आला पण मी ते वाक्य परत कधी वापरलेलं नाही आणि माझ्या टेबलावर कोणाला वापरू देत नाही. ऑर्क खोटा आहे, मान्य. पण रक्तातच असतं हे बोलणं खेळातलं नाहीये, खऱ्या माणसांबद्दल केलं जातं, ते आपल्या गल्लीतून उचलून आपण ऑर्कच्या तोंडावर चिकटवतो.

तेव्हा माझा नियम असा झालाय की ज्या प्राण्याला पोरं आहेत, भाषा आहे, चूल आहे, जो घाबरतो आणि शरण येतो, त्याला नुसत्या जातीवरून दुष्ट म्हणायचं नाही. त्याने काय केलं ते विचारायचं.

पण चूक एकट्या पॅलाडिनची नाही गं. डीएमने ती पोरं तिथे ठेवली ना, ती का ठेवली? १९७९ साली आलेल्या एका प्रसिद्ध साहसाच्या गुहांमध्येही बायका-पोरं मोजून लिहिलेली होती, आणि त्यांचं पुढे काय करायचं ते ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं होतं, तेव्हापासून हा फास टेबलाटेबलावर लागतोय. डीएमला असा पेच टाकायचा असेल तर खेळ सुरू करायच्या आधी, ज्याला सेशन झीरो म्हणतात तेव्हा, विचारायला हवं की असलं काही चालेल का, कोणाला काय नको आहे. तुमचा मित्र कदाचित नुसता राक्षस मारायला बसला होता आणि त्याच्या पुढ्यात अचानक ही परीक्षा आली. त्याला घरी जाऊन भेट, ग्रुपवर टाईप करत बसू नकोस. आणि शनिवारी परत बसलात तर त्याच खोलीपासून सुरू करा, पोरं अजून तिथेच आहेत, बाहेर पाऊस आहे, गावाला सांगायचंय, त्यांना खायला कोण घालणार ते ठरवायचंय. त्याच्या पॅलाडिनलाच विचारा की तू शपथ घेतली आहेस तर आता यांचं कोण बघणार. मला वाटतं त्याला तलवारीपेक्षा हे जास्त जमेल.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. त्याच्या कॅरेक्टर शीटवर केऑटिक ईव्हिल असं लिहिलेलं मी वाचलं, विचारलं तर म्हणतो माझं पात्र मारेकरी आहे. पुस्तकात शिंगांचे सैतान. घरात देवधर्म आहे, सासूबाई म्हणतात हे बंद करा. संस्कारांवर परिणाम होतो का? — एक आई, दापोली

उत्तर : ताई, तुमची काळजी नवी नाही, १९८० च्या दशकात अमेरिकेत हीच भीती एवढी पसरली होती की या खेळाने मुलं सैतानाच्या नादी लागतात असं चर्चमधून आणि टीव्हीवरून सांगत होते. शेवटी खेळाच्या कंपनीनेच १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत डीमन आणि डेव्हिल हे शब्द काढून टाकले आणि दोन वर्षांनी तीच मंडळी टनारी आणि बाटेझू अशा बनवलेल्या नावांनी परत आणली. नाव बदललं, शिंगं तीच. आणि जी मुलं तेव्हा हे खेळत होती ती आता पन्नाशीची होऊन आपल्या मुलांबरोबर खेळतायत.

सासूबाईंना दशावतार आवडत असेल तर त्यांना हे सांगा. संकासुर करणारा माणूस रात्री वेद चोरणारा राक्षस असतो, समोर बसलेली पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच बोलण्यावर सगळ्यात जास्त हसतात, आणि सकाळी तोच माणूस तोंडावरचा रंग धुऊन आपल्या कामाला जातो. सोंग घेता येतं आणि उतरवता येतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं.

तुम्ही बघायचं ते एवढंच की तो टेबलावर मित्रांशी कसा वागतो. माझं पात्रच ईव्हिल आहे म्हणून मी तुझा खजिना चोरला, तुझ्या पात्राला मारलं, असं म्हणून तो दुसऱ्याची मजा घालवत असेल तर त्याला बोला, कारण ते पात्र करत नाहीये, तो करतोय. तसं नसेल तर खेळू दे. एकदा त्यांच्या खेळाला बाजूला बसा, विचारा की तुझ्या मारेकऱ्याने कोणाला कधी वाचवलं का. तो तासभर सांगेल.

प्रश्न : सगळे ऑर्क बिचारे, सगळे गॉब्लिन गरीब, मग मारायचं कोणाला? आम्ही आठवडाभर कंपनीत राबून रविवारी चार तास बसतो, त्यात प्रत्येक लढाईआधी नीतिशास्त्र नको वाटतं. हल्ली नवीन पुस्तकातून पण ऑर्क काढून टाकलेत म्हणे. — डीएम, चिपळूण

उत्तर : दादा, थकून आल्यावर फासे टाकून काहीतरी तोडावंसं वाटतं, ते मला पूर्ण समजतं आणि त्यात काही वाईट नाही. हाडांचे सापळे आणा, झॉम्बी आणा, नरकातले डीमन आणा, ज्यांना पोरं नाहीत आणि जे दुष्टपणाचेच बनलेत, त्यांना बिनघोर मारा. शिवाय डीमन आणि डेव्हिल यात फरक आहे तो वापरा, डीमन केऑटिक आहे, नुसता तोडफोड करतो, डेव्हिल लॉफुल आहे, कागदावर सही घेतो आणि शब्दाला पक्का असतो, त्याच्याशी लढायला वकील लागतो. आणि माणसं आहेतच की. गुलाम विकणारा व्यापारी, गाव जाळणारा सरदार. त्यांनी निवड केली आहे, त्यांना मारताना कोणाचाही हात थरथरत नाही.

ऑर्कांचं म्हणाल तर ते काढले नाहीत, हलवले. २०२० साली खेळाच्या कंपनीने जाहीर सांगितलं की ऑर्क आणि ड्राऊ म्हणजे ते काळे एल्फ यांना सरसकट दुष्ट दाखवणं खऱ्या जगात काही लोकांना ज्या शब्दांत हिणवलं जातं त्याच्या फार जवळ जातं, ते बदलणार. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये ऑर्क खेळाडूंनी घ्यायचं पात्र म्हणून आला आणि २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षस म्हणून त्याचं वेगळं पान राहिलं नाही. काही जुने खेळाडू यावर चिडले. मला स्वतःला बरं वाटलं, पण एक खंत आहे, नुसतं पान काढून प्रश्न सुटत नाही, तुमच्या टेबलावर डाकूंची टोळी आली की तेच वर्णन परत येऊ शकतं.

आणि नीतिशास्त्र बोलायला लागूच नये अशी सोय जुन्या खेळात फाशातच होती, ती लोक विसरले याचं मला फार वाईट वाटतं. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये कोणी समोर आलं की आधी सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज २ आली तर लगेच हल्ला, १२ आली तर एकदम दोस्ती, ६ ते ८ आली तर समोरचा अजून ठरवतोय. हिशोब करा, दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १६ वेळा तो अजून ठरवतोय आणि सरळ अंगावर येणं फक्त एकदा! त्यात अजून एक नियम होता मोरालचा म्हणजे हिमतीच्या आकड्याचा, पहिला गडी पडला किंवा निम्मे पडले की परत दोन फासे, आकडा मोरालपेक्षा वर गेला की पळणार किंवा शरण येणार. शिवाय तेव्हा अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्यावर मिळायचे, राक्षस मारून फार थोडे. म्हणजे शहाणी पार्टी, पार्टी म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, बोलून, लाच देऊन, मागच्या दाराने जाऊन खजिना आणायची. हे दोन्ही फाशांचे नियम तुमच्या रविवारच्या खेळात घाला, एक ओळ भाषण करावं लागणार नाही, तिसऱ्या फेरीला गॉब्लिन पळायला लागले की तुमचे खेळाडू आपोआप विचार करायला लागतील की आता पाठीवर बाण मारायचा का.

प्रश्न : मी मालवणची. डीएम म्हणून पहिल्यांदाच बसतेय आणि कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी गोष्ट, आपल्या कोकणातलं करायचंय, खाडी, माडाची बाग, गिऱ्हा, मुंजा, हडळ, देवचार. पण यांची अलाइनमेंट काय लिहू तेच कळत नाहीये. आजी म्हणते, देवचार वाट दाखवता, चुकवणा नाय. मग त्याला ईव्हिल कसं लिहायचं?

उत्तर : नको लिहूस. ती जागा कोरी ठेव आणि तिथे याला काय हवंय असं लिही.

आपली भुतं म्हणजे जमात नाही, एकेकाचं काहीतरी राहिलेलं असतं. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा, पिंपळावर बसलेला. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. हे कोणी दुष्ट जन्मलेले नव्हते, यांना घरी जायचं होतं. देवचार तर राखणदार, त्याला वर्षाची राखण म्हणजे त्याचा मान दिला की तो शिवेवरून फिरून बाग सांभाळतो, आणि विसरलात तर जाणवून देतो. आणि आरवलीचा वेतोबा घे, वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण गावाचं रक्षण करतो, लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात कारण तो रात्री गावभर फिरतो आणि चपला झिजतात. हे नऊ खान्यांत कुठे बसवणार तू? मला नाही बसवता आलं आणि मी प्रयत्न केलाय.

लढाई हवी असेल तर गिऱ्हा घे. पाणवठ्याचा, मासे धरायला गेलेल्याला चकवून खोल पाण्यात नेणारा, त्याच्याशी बोलून उपयोग नाही, तो तुझा झॉम्बी. बाकीच्यांशी मात्र गाऱ्हाणं घालायचा रस्ता ठेव. कोणीतरी क्लेरिक घेईलच, त्याला नारळ हातात घेऊन मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लाव, म्हाराजा म्हटलं की टेबलावरचे बाकीचे होय म्हाराजा म्हणतील आणि मग फासा टाका. मी एकदा केलंय, पाचही जण ओरडत होते.

एकच सांभाळ. गावातली एखादी जिवंत बाई, एकटी राहणारी, औषधपाणी जाणणारी, तिला चेटकीण करून खलनायिका करू नकोस. आपल्या राज्यात २०१३ पासून कोणालाही करणी करते, भुताळी आहे असं म्हणून त्रास देणं गुन्हा आहे, आणि तो कायदा करावा लागला कारण तशा बायकांना खरंच मारलं जात होतं. गोष्टीत ती बाई ठेवायचीच असेल तर गाव तिच्यावर आळ घेतंय आणि तुझ्या पार्टीला खरा चोर शोधायचाय असं कर, भरतीच्या आत शोधायचाय म्हटलंस की वेळेचाही दाब येईल.

आणि आजीला पहिल्या सेशनला बोलव, देवचाराचा आवाज तिलाच काढू दे.